पवई तलाव भरला की पाणी जातं कुठे?

खंड्या

गेल्या आठवड्यात पुण्याहून मामेबहीण आली होती, सोबत तिचा सातवीतला मुलगा. संध्याकाळी दोघांना पवईला फिरवून आणलं. तलावाच्या कठड्यावर कोपरं टेकवून पोरगा बराच वेळ गप्प उभा होता. मग म्हणाला, "मामा, हा तलाव भरला की जास्तीचं पाणी कुठे जातं?" बावीस वर्षं मी या भागात राहतो. रोज बसमधून हे पाणी बघतो. तरी मला धड उत्तर देता येईना. रात्री नकाशे काढून बसलो, आणि मागचे तीन रविवार पायी हिंडतोय. जे कळलं ते इथे लिहितो. इथे बरेच पवईकर आहेत, कमी-जास्त असेल ते सांगा.

पहिली गोष्ट म्हणजे हा तलाव निसर्गाने केलेला नाही, हे धरण आहे. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याकडून बघितलं तर बांध कुठे नजरेला येतच नाही, म्हणून आपण त्याला तळं समजतो. पूर्वी इथे खोरं होतं. पूर्वेच्या आणि ईशान्येच्या टेकड्यांवरून ओहोळ उतरायचे आणि पश्चिमेकडे वाहत जाऊन मिठी नदीला मिळायचे. दोन उंचवट्यांच्या मधली ती वाट मुंबई महापालिकेने १८९० मध्ये बांध घालून अडवली. खर्च आला १२ लाख ५९ हजार रुपये.

घाई का होती ते समजायचं तर आजूबाजूची सालं बघायला हवीत. विहार तलाव १८६० चा, मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा मिळालं ते तिथून. तुळशी १८७९ चा. तोवर गिरण्या वाढल्या, वस्ती वाढली, आणि हे दोन्ही पुरेनात. तानसाचं काम सुरू होतं, पण ते धरण लांब ठाणे जिल्ह्यात, तिथून जलवाहिनी टाकत आणायची म्हणजे वेळ लागणार. मधल्या दिवसांत भागावं म्हणून जवळची ही पवईची दरी निवडली. १८९२ मध्ये तानसाचं पाणी शहरात आलं आणि पवईची निकड संपली. पाणीही पिण्याच्या दर्जाचं नव्हतं. आज ते पिण्यासाठी दिलं जात नाही, आरे दुग्धवसाहतीला आणि कारखान्यांना बिगर पिण्याच्या कामासाठी जातं.

म्हणजे शहराची तहान भागवायला बांधलेल्या या तलावाचं ते काम दोन-तीन वर्षांतच सुटलं. बांध मात्र राहिला, पाणी राहिलं, आणि पुढे सव्वाशे वर्षांत त्याच्याभोवती एक शहरच उभं राहिलं. हे कळल्यापासून मला त्या पाण्याविषयी वेगळीच माया वाटायला लागली आहे.

आता आकडे. महापालिका जे देते त्यानुसार पाणलोट क्षेत्र ६.६१ चौरस किलोमीटर, पूर्ण भरल्यावर पाण्याचा पसारा २.२३ चौरस किलोमीटर, साठवण ५४५.५ कोटी लिटर. मी कागदावर भागाकार केला. सरासरी खोली येते अडीच मीटरच्याही आत! माणूस हात वर करून उभा राहिला तर बोटं पाण्याच्या थोडीच खाली राहतील एवढी. बांधाच्या बाजूला खोल आहे, पण बाकी परात आहे परात. परातीत गाळ किती लवकर दिसायला लागतो ते कुणाही गृहिणीला विचारा.

दुसरं म्हणजे पाऊस. आपल्या उपनगरात पावसाळ्यात दोन मीटरच्या वर पाऊस पडतो. एवढा पाऊस ६.६१ चौरस किलोमीटरवर पडला तर एका पावसाळ्यात तलाव दोनदा भरून उरेल एवढं पाणी होतं. काही जमिनीत मुरतं, काही उडून जातं, तरी तलाव दरवर्षी भरतोच. २०२१ मध्ये तर १२ जूनलाच भरून वाहायला लागला होता. २०२४ मध्ये ८ जुलैला. त्यानंतर पडणारा प्रत्येक थेंब सांडव्यावरून खाली.

आणि खाली म्हणजे मिठी नदी. तुळशीचं जादा पाणी विहारात येतं, विहारचं जादा पाणी सांडव्यावरून उतरतं, पवईचं त्याला येऊन मिळतं. पुढे साकीनाका, विमानतळाची हद्द, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी आणि शेवटी माहीमची खाडी. जवळपास १८ किलोमीटर. भाच्याला फोन करून एवढं सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे आपण नदीच्या उगमापाशीच उभे होतो." हो रे बाबा, अगदी तिथेच.

---

मुक्ताई

खंड्या, वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझं बालपण आयआयटीच्या आवारात गेलं, बाबा कर्मचारी होते. संस्था १९५८ ची, आणि पवईतल्या इमारतींची कोनशिला पंडित नेहरूंनी १९५९ च्या मार्चमध्ये बसवली. आमच्या घरापासून तलाव पाच मिनिटांवर.

आवारात तलावाच्या बाजूला पद्मावतीदेवीचं जुनं देऊळ आहे. 'पवई' हे नाव पद्मावतीवरूनच पडलं असं आमच्याकडची जुनी माणसं सांगत. आई मंगळवारी जायची, मी शेपटासारखी मागे.

मगरीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. हिवाळ्यात, नऊ-साडेनऊला ऊन जरा तापलं की ती काठावरच्या चिखलात येऊन पडायची. जबडा उघडा, हालचाल शून्य. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं लाकडाचा ओंडका आहे. मी तिला ओळखायला शिकले ते बगळ्यांवरून. अख्ख्या काठावर बगळे, आणि एकाच जागी चार-पाच हातांचं मोकळं रिंगण. ते रिंगण दिसलं की समजायचं, बाईसाहेब आल्यात.

एक शंका आहे. आमच्याकडे सगळे म्हणायचे की तलावाचं पाणी कांजूरकडे, ठाण्याच्या खाडीत जातं. ते चुकीचं का?

खंड्या

मुक्ताई, बगळ्यांच्या रिंगणाचं फार सुंदर सांगितलंत. या हिवाळ्यात बघणार.

कांजूरचं मलाही तसंच वाटायचं, कारण खाडी त्या बाजूने सरळ रेषेत जवळ आहे. पण उतार तसा नाही. पूर्वेच्या टेकड्या मध्ये आडव्या येतात. टेकडीच्या पलीकडे पडलेलं पाणी कांजूर-विक्रोळीकडून ठाण्याच्या खाडीला, अलीकडे पडलेलं तलावात आणि तिथून मिठीला. एकाच टेकडीचं पाणी एका अंगाने ठाण्याच्या खाडीत, दुसऱ्या अंगाने माहीमच्या.

---

सातबारा

धाग्याबद्दल आभार. थोडं मागे जातो. तलावाच्या आधी ही पवईची जमीन एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी व्यापाऱ्याकडे होती. त्यांनी इथे ऊस आणि फळझाडं लावली, नवनवीन पिकांचे प्रयोग केले. १८३८ मध्ये त्यांनी व्हिक्टोरिया राणीला बोटीने आंबे पाठवले होते.

मला यातला योगायोग भावतो. धोबी तलावापाशी जे तळं होतं, त्याला याच फ्रामजींचं नाव होतं. ते तळं बुजलं, आज तिथे त्यांच्या नावाची इमारत आहे आणि 'धोबी तलाव' हे नाव फक्त बसच्या पाटीवर उरलंय. मुंबईत अशी किती नावं! गोवालिया टँक, सी. पी. टँक, बाणगंगा. बाणगंगेत पाणी आहे, बाकी दोन्हीकडे बघायलासुद्धा नाही. त्या मानाने फ्रामजींच्या शेतावर उभा राहिलेला तलाव अजून भरतो आणि वाहतो ही केवढी मोठी गोष्ट आहे.

---

गाळपेर

पाण्याच्या तपासणीचं काम करण्यात माझी नोकरी गेली, आता निवृत्त आहे. जलपर्णीबद्दल लोक नेहमी विचारतात की दरवर्षी काढतात तरी परत कशी येते. सोप्या शब्दांत सांगतो.

जलपर्णी हा रोग नाही, रोगाचं लक्षण आहे. सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद येतं, म्हणजे शेताला घालतो तेच खत. उथळ पाणी, भरपूर ऊन आणि फुकटचं खत असल्यावर ती माजणारच. पाण्यावर गालिचा झाला की ऊन खाली पोचत नाही, खालचं शेवाळ-वनस्पती मरतात, प्राणवायू घटतो. पहाटे तो सगळ्यात कमी असतो, म्हणून मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. मग जलपर्णी स्वतः कुजते, तळाला बसते, तिचाच गाळ होतो आणि त्या गाळातलं खत पुढच्या वर्षी परत पाण्यात. यंत्राने वरची पानं काढली तर तलाव चार महिने छान दिसतो. नळ उघडा ठेवून फरशी पुसल्यासारखं आहे ते.

खंड्या, तुमची परातीची उपमा बरोबर आहे. फक्त एक भर घालतो. ५४५ कोटी लिटर ही कागदावरची साठवण झाली. जिथे जिथे गाळ बसला तिथे तेवढं पाणी कमी.

ओवी_पवई

गाळपेर काका, आमच्या इमारतीचा अनुभव सांगते. आमच्या मागच्या पावसाळी नाल्याला भर उन्हाळ्यातसुद्धा पाणी असायचं, वास मारायचा. सोसायटीच्या सभेत सगळे म्हणायचे, वरच्या वस्तीतून येतंय. शेवटी दोघी-तिघींनी हट्ट धरून प्लंबरला बोलावलं. त्याने तळमजल्यावरच्या एका संडासात गडद हिरवा रंग ओतला, बादलीभर पाणी सोडलं आणि आम्ही मागे नाल्यावर जाऊन उभ्या राहिलो. सात मिनिटांत हिरवी धार! कधीतरी दुरुस्ती करताना कुणीतरी आमच्या एका बाजूची मलवाहिनी सरळ पावसाळी नाल्याला जोडून दिली होती. इतकी वर्षं बोट दाखवलं वरच्या वस्तीकडे, आणि घाण आमचीच होती. मला त्या रात्री झोप लागली नाही.

पाइप बदलायला दोन महिने आणि बरीच भांडणं लागली, पण झालं. आता मे महिन्यात तो नाला कोरडा असतो.

गाळपेर

ओवी, तुझ्या त्या एका नाल्याने तलावाचं जेवढं भलं झालं तेवढं दहा यंत्रांनी होत नाही. रंगाची ही तपासणी कुठल्याही सोसायटीला करता येते. फक्त रंग पाण्याला न बाधणारा, खायचा वापरावा, आणि कोरड्या दिवसांत करावी. पावसात काहीच कळत नाही.

---

समीर_चांदिवली

चर्चा आवडली. पण मला एक वेगळं मत मांडायचं आहे. लोक काठावर आलेच नाहीत तर त्यांना तलावाची ओढ कशी लागणार? सायकलचा रस्ता होणार होता तो न्यायालयात अडला याचं मला वाईट वाटतं. माझी मुलगी सायकल शिकतेय, तिला इथे जागा नाही. जाळीत दगड भरून करणार होते, पाणी आरपार जाईल असा. त्याने काय बिघडणार होतं?

खंड्या

समीर, मुलीला जागा हवी हे शंभर टक्के मान्य. चांदिवली-पवईत पोरांना मोकळं मैदान मिळत नाही हे दुखणं खरं आहे.

पण तो रस्ता तलावाच्या काठाकाठाने नव्हता, पाण्याच्या हद्दीत भर घालून होता. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं आणि घातलेली भर काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. अडीच मीटर सरासरीच्या तलावात काठचा उथळ पट्टा हाच त्याचा जीव असतो. कमळपक्षी, पाणकोंबड्या, वारकरी या पक्ष्यांची घरटी-चारा तिथे, माशांची पिल्लं तिथे, मुक्ताईंनी सांगितलेली मगर ऊन खायला येते तीही तिथेच. मध्यभागी फक्त पाणी असतं, काठावर तलाव असतो. पाणी दगडांतून आरपार जाईलही, पण मगर जाणार नाही.

समीर_चांदिवली

काठ म्हणजे तलावाचा रिकामा भाग असंच मी धरून चाललो होतो. असा विचार केला नव्हता. मुलीसाठी जागेचा प्रश्न तसाच आहे, पण ती तलावाकडून मागायला नको हे पटलं.

---

भोपाळी_देशस्थ

आम्ही तीन पिढ्या भोपाळला. आमचा बडा तालाब अकराव्या शतकातला, राजा भोजाच्या नावाचा, पसारा ३१ चौरस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे तुमचे चौदा पवई त्यात बसतील. मोठा फरक आकाराचा नाही, हा आहे की आम्ही अजून तेच पाणी पितो. शहराच्या मोठ्या भागाला त्याचा पुरवठा आहे. २००२ मध्ये तो आणि शेजारचा छोटा तलाव मिळून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. अतिक्रमण, सांडपाणी, सगळी दुखणी आमच्याकडेही आहेत, पण नळाला वास आला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ओरड होते. खंड्याजींनी लिहिलंय की १८९२ नंतर पवईची निकड संपली. मला वाटतं तिथेच त्याचं नशीब फिरलं. पिण्याचं पाणी म्हटलं की माणूस राखतो.

करवीरकर

रंकाळ्याबद्दल एक ओळ. काठावर नंदीचं देऊळ आहे. तो नंदी रोज गहूभर पुढे सरकतो आणि तांदूळभर मागे येतो, आणि ज्या दिवशी तळ्याला पोचेल त्या दिवशी जगबुडी, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. आमची आज्जी म्हणायची, तळ्याला कायबी हून द्याचं न्हाई म्हणून वडिलधाऱ्यांनी ही गोष्ट केलीया. मला ते खरं वाटतं. पवईच्या पद्मावतीचीही अशी काही गोष्ट असेल तर मुक्ताईताईंनी लिहावी.

---

कुर्ल्याची_वहिनी

इथे नेहमी फक्त वाचते, आज लिहिते. तुम्ही सगळे वरच्या टोकाचं बोलताय. आम्ही खालच्या टोकाला, मिठीपासून दोन गल्ल्या आत.

२६ जुलै २००५ ला दुपारी तीनला पाणी उंबऱ्याशी होतं, साडेचारला ओट्याला लागलं. सासूबाईंना शेजारच्या पहिल्या मजल्यावर नेलं, मुलाला खांद्यावर घेतलं. आत परत गेले तेव्हा गव्हाची पत्र्याची कोठी खोलीभर तरंगत होती, भिंतीला आपटून ढम ढम वाजत होती. तो आवाज अजून कानात आहे. महिनाभर घराला जो वास होता तो गाळाचा.

तेव्हापासून कोठी दोन विटांवर आहे. टीव्हीवर खाली पट्टी येते, "पवई तलाव ओसंडून वाहू लागला". लोकांना आनंद होतो, फोटो काढायला जातात. मी त्या दिवशी खालच्या फळीवरची कागदपत्रं वर ठेवते, आणि भरतीची वेळ बघते. भरती असली की खाडी नदीचं पाणी घेत नाही, ते मागे सरकतं. हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

खंड्यादादा, त्या दिवशी पवईतून नक्की किती पाणी आलं असेल?

खंड्या

वहिनी, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तेवढाच पवईच्या पाणलोटावर धरला, तर ६.६१ चौरस किलोमीटरवर पडलेलं पाणी होतं साधारण ६२४ कोटी लिटर. तलावाची पूर्ण साठवण ५४५ कोटी. म्हणजे आदल्या दिवशी तलाव ठणठणीत कोरडा असता, तरी एका दिवसात काठोकाठ भरून शिवाय खाली वाहायला लागला असता. आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो कोरडा कधीच नसतो. विहारचं पाणी वेगळं. तुमच्या गल्लीपर्यंतच्या सगळ्या नाल्यांचं वेगळं.

म्हणून तलाव पूर थांबवू शकला असता असं मी म्हणणार नाही. पण वरच्या टेकडीवर माती आणि झाडं असली तर पाणी मुरत, थबकत येतं. फरशी आणि डांबर असलं तर सगळं एकदम येतं. तलावात गाळाच्या जागी पाणी मावलं तर पहिल्या सरींचं पाणी तो धरून ठेवतो, आणि खाली तुम्हाला सामान वर ठेवायला वेळ मिळतो. आमच्या बाजूने एवढंच हातात आहे.

गाळपेर

हिशोब तपासला, बरोबर आहे.

मुक्ताई

वहिनी, आम्ही काठावर भजी खात तो सांडवा बघायला जायचो. खाली कोण राहतं हा विचार कधी मनात आला नाही. पद्मावतीची गोष्ट आईला विचारते, ती ८४ वर्षांची आहे, तिला आठवेल. इथेच लिहीन.

ओवी_पवई

वहिनी, आमच्या सोसायटीच्या गटावर तुमचा प्रतिसाद वाचून दाखवू का? पुढच्या रविवारी सभा आहे, शेजारच्या तीन इमारतींच्या नाल्यांची रंग टाकून तपासणी करायची ठरवतोय. दोघेजण अजून तयार नाहीत.

कुर्ल्याची_वहिनी

दाखव ना. कोठीचंही सांग.